मरम्मतखान्यातली सवत

नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात माझ्या जिवलग मित्राला मी दुसऱ्या माणसाबरोबर रंगेहाथ पकडलं, ती दुपार मी मेलो तरी विसरणार नाही. आणि मी लवकर मरणाऱ्यांतला नाही.

ज्यांनी हैदराबाद पाहिलेलं नाही त्यांना या गुन्ह्याचं गांभीर्य कळायचं नाही, म्हणून सांगतो. इथल्या इराणी हॉटेलात एक चहा दोन कपांत अर्धा-अर्धा करून मिळतो. त्याला 'वन बाय टू' म्हणतात. आम्ही दोघं नांदेडकडची पोरं, नोकरीसाठी या शहरात एकाच गाडीनं उतरलो आणि उतरल्यावर पहिला चहा वन बाय टू घेतला. पुढे नोकऱ्या पक्क्या झाल्या, लग्नं झाली, मुलं शिकून लांब गेली, डोक्यावरचे केस त्यांच्याही आधी गेले, पण आम्ही अख्खा चहा कधी घेतला नाही. अख्खा चहा म्हणजे आमच्या लेखी फारकत.

त्या दिवशी मला पोचायला जरा उशीर झाला. मेट्रोच्या खांबाखाली एका रिक्षावाल्याशी माझा वाद चालला होता, आणि वाद अर्धवट टाकून जाणं माझ्या रक्तात नाही. हॉटेलात शिरलो तर कोपऱ्यातल्या आमच्या टेबलावर माझा मित्र बसलेला, आणि माझ्या खुर्चीत, जिच्या डुगडुगत्या पायाखाली मी स्वतःच्या हातानं पुठ्ठा घालून ठेवलाय त्या माझ्या खुर्चीत, एक उंच, काटकुळा, कपाळावर विभूतीची रेघ असलेला म्हातारा. दोघांपुढे अर्धा-अर्धा कप.

वेटरनं मला पाहिलं आणि अगदी दुखवट्याच्या आवाजात म्हणाला, "साब, आप लेट हो गए. आपका हाफ वो साब पी लिये."

हॉटेलातले पंखे थांबले. रस्त्यावरची वाहतूक थांबली. वरून चाललेली मेट्रो जागच्या जागी उभी राहिली आणि आतले लोक खिडक्यांना नाकं लावून खाली बघायला लागले. वाढवून सांगतोय वाटत असेल तर त्या वेटरला विचारा.

"ये, बस," मित्र म्हणाला. काहीच घडलं नाही असा चेहरा. "हे आमच्या मरम्मतखान्यातले. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे."

"मग बरंय," मी म्हणालो. "चहात कुणी काय मिसळलं ते कळत असेल त्यांना."

म्हाताऱ्याला मराठी ओ की ठो कळत नव्हती. त्यानं माझ्याकडे मान वळवली, डोळे मोठे केले आणि मनापासून म्हणाला, "अवुना?"

तेलुगूत 'अवुनु' म्हणजे 'हो', आणि 'अवुना' म्हणजे 'असं का?' एवढंच. पण हा माणूस ते असं म्हणायचा, की समोरच्याला वाटावं, आपण आत्ता या पृथ्वीवरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोललो. मी उभ्या आयुष्यात इतकं बोललोय की त्यातून चारमिनार पुन्हा बांधता येईल, पण मला कुणी असं 'असं का?' म्हटलं नव्हतं. मला तो माणूस तिथल्या तिथे नावडला.

आता माझा मित्र कसा, ते सांगायला हवं. तो सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि सिग्नलसारखाच होता. बोलायचा नाही, फक्त लाल किंवा हिरवा व्हायचा. मी विम्याच्या कचेरीत. चांगल्या धडधाकट माणसाला मरणाच्या गोष्टी सांगून घाबरवायचं आणि सही घ्यायची, हा माझा धंदा. त्यामुळे आमच्यात कामाची वाटणी आपोआप झाली होती. मी बोलायचो, तो ऐकायचा. गोवळकोंड्याच्या बुरुजावर मला बिबट्या आडवा आला होता आणि मी त्याला शुद्ध मराठीत दटावून परत पाठवला होता, ही गोष्ट त्यानं इतक्या वेळा ऐकली की बिबट्याची शेपूट दर वर्षी वीतभर वाढते हे त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नाही. याला मी मैत्री म्हणतो.

मग वहिनी गेल्या. म्हणजे त्याची बायको. आजार छोटा होता, पण माणूस घेऊन गेला. त्यानंतर मी रोज त्याच्या घराखाली उभा राहून हाक मारायचो. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझी हाक चौथ्यापर्यंत जाते आणि गल्लीतली कबुतरं उडतात. तो खाली यायचा, आम्ही चहा प्यायचो, मी बिबट्याला थोडं आणखी वाढवायचो, तो मान हलवायचा. मला वाटलं, चाललंय बरं.

त्याचं ब्लडप्रेशर मात्र बरं चाललेलं नव्हतं. आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंनी ते मोजलं, गोळी दिली, पुन्हा मोजलं, आणि म्हणाल्या, गोळीसोबत शनिवारी सकाळी मरम्मतखान्यात यायचं.

हा मरम्मतखाना म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची मागची खोली. बाईंनीच ती मिळवली, मोठी लाकडी टेबलं टाकली, शिकंजे बसवले, भिंतीवर करवती, पाने, पकडी टांगल्या. बाईंचं म्हणणं असं, की त्यांच्याकडे येणारे अर्धे पुरुष आजारी नसतातच. त्यांना बोलायला माणूस नसतं, आणि तसं कबूल करायची लाज असते म्हणून ते गुडघा दुखतो असं सांगतात. "मरदां मुँह देख के बात नै करते, अंकल," त्या मला पुढे एकदा म्हणाल्या. "हाथ में पाना दे दो, फिर देखो."

तिथला नियम एकच होता, पण कडक. आपली मोडकी वस्तू घेऊन यायचं. ज्याची वस्तू त्यानं ती फक्त धरायची. दुरुस्त दुसऱ्यानं करायची. आणि तो दुसरा कोण, हे वस्तूवाल्यानं निवडायचं. स्वतःची वस्तू स्वतः दुरुस्त करायला बंदी. म्हणजे एक निवृत्त फौजदार आपला टेबलफॅन छातीशी धरून बसलेला, आणि पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक कॉम्प्युटरवाला, ज्याला मराठीतली पाटीसुद्धा अडखळत वाचावी लागते, तो त्या फॅनच्या पोटात हात घालून फौजदाराची सुनेवरची तक्रार ऐकतोय, असं तिथलं दृश्य.

माझा मित्र त्या खोलीत राजा झाला. साहजिकच होतं. ज्यानं जन्मभर सिग्नलच्या तारा जोडल्या त्याला मिक्सर म्हणजे काय? पण मला खटकलं ते दुसरंच. तो केमिस्ट्रीवाला मास्तर दर शनिवारी काहीतरी मोडकं आणायचा आणि माझ्या मित्रालाच निवडायचा. मग तो धरून बसायचा, माझा मित्र काम करायचा आणि, ऐका, माझा मित्र बोलायचा. ज्याच्या तोंडून मला जन्मात सलग तीन वाक्यं काढता आली नाहीत तो माणूस नळासारखा बोलायचा. अधूनमधून मास्तर, "अवुना?" की पुन्हा नळ चालू.

हे मी डोळ्यांनी बघितलं, कारण इराणी हॉटेलातल्या त्या प्रकारानंतरच्या शनिवारी मी तिथे जाऊन धडकलो. मोकळ्या हातानं गेलो, मधल्या टेबलावर बसलो आणि बिबट्या सुरू केला. सगळ्या करवती थांबल्या. फौजदार हसून हसून फॅनसकट खाली बसला. अशी मैफल त्या छापखान्यानं पाहिली नव्हती. मी तिरक्या डोळ्यानं मित्राकडे बघितलं. तो एकटाच काम करत होता, आणि मास्तर एकटाच धरत होता.

मैफल संपल्यावर डॉक्टरीणबाई जवळ आल्या. "अंकल, आप बहुत अच्छा बोलते. लेकिन खाली हाथ नक्को आओ. कुछ तो बी टूटा-फूटा ले के आओ."

आता आली पंचाईत. माझ्या घरात मोडकं काही नव्हतं. बायको अशी, की तिच्या धाकानं वस्तू मोडायचं धाडस करत नाहीत. शुक्रवारी ती बाजारात गेल्यावर मी स्वयंपाकघरातला लाकडी स्टूल उलटा केला, हातोडी घेतली आणि त्याचा एक पाय निखळवला. स्टूल सागवानी होता. तो पाय निघेपर्यंत मला स्टूलबद्दल आदर वाटायला लागला.

शनिवारी तो घेऊन गेलो आणि सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं, मित्राचं नाव घेतलं. तो आला. त्यानं पाय बघितला, जोड बघितला, बोट फिरवलं.

"काय झालं याला?"

"वाळवी लागली."

"सागाला?"

"हैदराबादची वाळवी आहे. तिला काय, दगडबी चालतो."

"आणि हातोडी चालवायला कधी शिकली ती?"

मी छताकडे बघितलं. त्यानं पाय नीट बसवला, सरस लावला, शिकंज्यात आवळला. तेवढा वेळ तो माझा होता. मी स्टूल धरून भरपूर बोललो. तो "हं" म्हणत होता, पण त्याचे कान शेजारच्या टेबलावर, जिथे मास्तर एक भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून आपल्या पाळीची वाट बघत बसला होता.

पुढच्या आठवड्यांत माझ्या घरावर एकामागून एक संकटं कोसळली. छत्रीच्या काड्या वाकल्या. इस्त्रीची वायर मुळापासून तुटली. मिक्सरच्या भांड्याचं पातं जाम झालं, कारण त्यात कुणीतरी अख्खी सुपारी टाकली होती. बायको सगळं बघत होती. ती बोलत नाही तेव्हा समजावं, वाक्य घासतेय.

"अहो," ती एका शुक्रवारी म्हणाली, "आता घरात मीच तेवढी धड राहिले. मला कधी नेताय?"

"कुठे?"

"तुमच्या मित्राकडे. दुरुस्तीला."

"अगं, वस्तू जुन्या झाल्यात."

"वस्तू नाही जुन्या झाल्या. तुम्हाला म्हातारपणी सवत आली. कॉलेजातली मास्तरीण." आणि हसत सुटली. तेव्हापासून घरात त्या माणसाला दुसरं नाव नाही. शनिवारी परत आलो की दारातच विचारणा व्हायची, "आली होती का सवत? काय नेसली होती?"

हसा. पण मी कामाला लागलो होतो. मी मास्तरात खोट शोधायचो. तो स्क्रू उलटा फिरवायचा. त्याच्या हातून पडलेले नट-बोल्ट गोळा केले असते तर सिकंदराबादला नवं इंजिन उभं राहिलं असतं. त्याला गोष्ट सांगता येत नव्हती, विनोद कळत नव्हता, हिंदी अशी बोलायचा की क्रियापदं शेवटपर्यंत घाबरून यायचीच नाहीत. अशा माणसात माझ्या मित्राला दिसलं काय? आणि माझ्यात इतकी वर्षं काय कमी पडलं?

मग तो शनिवार आला. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या मित्रानं स्वतःची वस्तू आणली. रुमालात बांधलेली होती. गाठ सोडली तर आत दारावरची बेल. बटण दाबलं की पाखरासारखी किलबिल करणारी, पिवळ्या प्लास्टिकची. मी ओळखली. वहिनींनी नामपल्लीच्या नुमाइशीतून, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या प्रदर्शनातून आणली होती. ती आणली त्या दिवशी त्यांनी मला दाराबाहेर उभं करून पुन्हा पुन्हा दाबायला लावली होती आणि आतून टाळ्या वाजवल्या होत्या.

"कधी बंद पडली?" मी विचारलं.

"झालं की वर्षाच्या वर. ती गेली त्याच सुमाराला."

"वर्ष? आणि मला बोलला नाहीस?"

"तू कधी वाजवलीस?"

खरंच, मी खालून हाक मारायचो. गल्लीभर ऐकू जाईल अशी. दाराशी उभा राहून बटण दाबण्याइतका परका मी त्या घरात कधी नव्हतो, असं मला वाटायचं.

"मास्तरनी वाजवली," तो म्हणाला. "वाजली नाही. मग मी आपणहून दार उघडेपर्यंत उभे राहिले बिचारे."

म्हणजे मास्तर घरीही जातो! माझ्या डोक्यात कढई उकळायला लागली. तरी मी बाह्या सरसावल्या, हात पुढे केला. "आण इकडे. तू धर, मी करतो."

त्यानं बेल माझ्या हाताखालून उचलली आणि शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाला, "मास्तर, आप करते?"

फौजदारसुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

"अरे, त्या माणसाला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कुठली नि टोक कुठलं हे कळत नाही!" मी मराठीत ओरडलो.

"ठाऊक आहे."

"मग मला दे ना! मी काय मेलोय?"

"तुला दिली," तो हळू आवाजात म्हणाला, "तर संध्याकाळपर्यंत ही बेल कुठल्या तरी राजवाड्यातली होईल. उद्यापर्यंत काचीगुड्यात तिच्यावर कव्वाली बसेल. ही तिची आहे. मला हिची गोष्ट झालेली नको."

मी इस्त्री उचलली, जी अजून उघडलेलीच होती, आणि वायर मागे लोंबकळत तसाच चालू पडलो. नारायणगुड्याच्या चौकात लोकांनी मला वाट करून दिली. दुरुस्त न झालेली इस्त्री घेऊन चाललेल्या माणसाला शहाणी माणसं वाट देतात.

मी रुसलो. पूर्ण ताकदीनं रुसलो. चहाला गेलो नाही, खाली जाऊन हाक मारली नाही. त्यानं यावं म्हणून गॅलरीत बसायचो आणि तो आलाच तर दिसू नये म्हणून पेपर तोंडापुढे धरायचो. त्याच्याशिवाय बिबट्याचं काही खरं नव्हतं, बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली, "त्याला आधी भाजी निवडायला बसवा." बाजारातून परतताना ती बातमी आणायची. सवतीनं बेल दुरुस्त केली. म्हणजे सवतीनं पाना धरला आणि सगळ्या मरम्मतखान्यानं मागून सांगितलं, हे नाही मास्तर, ते, ते नाही, हे, पण वाजली. फौजदाराच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. माझ्याही आलं, वेगळ्या कारणानं.

शेवटी एका शनिवारी मी लवकर निघालो, मास्तरला गाठायला. तो सगळ्यांच्या आधी येऊन छापखान्याच्या कट्ट्यावर बसतो हे मी हेरून ठेवलं होतं. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. "देखो मास्तर," मी म्हणालो, "वो मेरा दोस्त है. मैं उसकु तुमसे पहले से जानता. वो तुमकु क्या-क्या बोला, सब मेरेकु मालूम होना."

त्यानं शांतपणे बाजूला सरकून मला जागा केली. "वो बोलेंगे," तो म्हणाला. "हम बोलनेका नहीं."

"ऐसा क्या बोला वो जो मेरेकु नै बोल सकता?"

"वो बोलेंगे."

असा कुलूपबंद माणूस मी विम्याच्या कचेरीतही पाहिला नव्हता. मी त्याच्या शेजारी बसलो. म्हटलं, गोष्टीच्या बदल्यात गोष्ट काढू. बिबट्या सोडला. बुरूज, अंधारून आलेली संध्याकाळ, हिरवे डोळे. मास्तरनं मान वळवली, डोळे मोठे केले. "अवुना?"

आणि काय झालं देव जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "कुत्ता था."

"अवुना?"

"हौ. दुबला सा. मैं डर गया था."

मग मी थांबलोच नाही. मी त्याला सांगितलं की मित्र मला बेल देत नाही, की मला चहा गोड लागत नाही, की हा माणूस गेला तर या शहरात मला तरुणपणी ओळखत होता असा कुणीच उरणार नाही. एवढं सगळं, आणि त्यात एक हत्तीसुद्धा घातला नाही. भानावर आलो तेव्हा बाई कुलूप उघडत होत्या. मी आत न जाता घरी पळालो. त्या माणसात काहीतरी चेटूक आहे, हे माझं मत तेव्हा पक्कं झालं. भांडायला गेलेल्याचे खिसे रिकामे करून पाठवतो.

त्यानं यातलं माझ्या मित्राला काही सांगितलं असेल का? आजपर्यंत मला कळलेलं नाही. दोघंही पोहोचलेले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत हाक ऐकू आली. मी पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो. आवाज अनोळखी होता. फाटका, कधी न वापरलेला, गंज चढलेला. माझं नाव घेत होता. बायको धावत गॅलरीत आली.

"अहो, ते आलेत! ओरडतायत!"

खाली माझा मित्र उभा. मान वर, हात तोंडाभोवती, चेहरा लालभडक. हा माणूस जन्मात ओरडला नव्हता. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. गल्लीतली कबुतरं उडाली. अगदी माझ्या हाकेला उडतात तितकी नाही, पण उडाली.

"काय आहे?" मी वरून विचारलं, जमेल तेवढं तुसडेपणानं.

"बेल बंद होईना! चल लवकर!"

"सवतीला सांग की!"

"कुणाला?"

बायकोनं माझा दंड धरून मला जिन्याकडे ढकललं, आणि मागून तो स्टूल हातात दिला. "जा. बेल उंच असेल."

त्याच्या इमारतीखालीच किलबिल ऐकू येत होती. वर पोचलो तर ती पिवळी बेल दाराच्या वर एकसारखी ओरडत होती, पिंजराभर पोपटांना मिरच्या दिल्यासारखी. शेजारीण दारात कानांवर हात ठेवून उभी.

"तू सिग्नलवाला," मी ओरडून म्हणालो. "दोन तारांचं काम. तुला येत नाही?"

"आपली वस्तू आपण दुरुस्त करायची नाही," तो ओरडून म्हणाला. "नियम आहे. मी धरतो."

त्यानं मेन बंद केलं. किलबिल थांबली, घरातला पंखा थांबला. बेलचं बटण वहिनींनी मुद्दाम उंचावर लावून घेतलेलं, गल्लीतल्या पोरांचा हात पोचू नये म्हणून. त्यानं स्टूल टेकवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी वर चढलो, बटणाची पट्टी सोडवली आणि स्क्रू पडू नयेत म्हणून ओठांत धरले.

पट्टीमागे दोन्ही तारा एकत्र जोडलेल्या होत्या. म्हणून बेल थांबत नव्हती. मला वाटलं, हा मास्तरचा पराक्रम. मग मी नीट बघितलं. तारांना मारलेला पीळ घट्ट आणि एकसारखा होता. वरची टेप नवी, सुरकुती नसलेली, शेवटचं टोक आत दुमडलेलं. अशी टेप या शहरात एकच माणूस लावतो. मास्तरला तर टेपचं टोक सापडायलाच शनिवार लागतो.

मी खाली बघितलं. माझा मित्र स्टूलाकडे बघत होता, मी ज्या पायाला वाळवी लावली होती त्या पायाकडे.

माझ्या तोंडात स्क्रू होते. नसते तर मी असा बोललो असतो की शेजारणीनं पुन्हा कानांवर हात ठेवले असते. पण होते. मी फक्त "हूं" म्हणालो.

आणि तो बोलायला लागला. वर न बघता, स्टूल धरून. वहिनींचे शेवटचे दिवस, आणि त्यानंतरचं त्याचं घर. मी टेप काढत होतो, तारा वेगळ्या करत होतो, आणि काम संपायला नको म्हणून एकच तार पुन्हा पुन्हा सोलत होतो. तो काय बोलला ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, या माणसानं बिबट्या सांगितला, मेट्रो थांबवली, आणि आता इथे येऊन अडला? हो, अडलो. बायकोनं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शेवटी स्क्रू बसवले, मेन चालू केलं. मी बाहेर उभा राहून बटण दाबलं. पाखरू एकदा बोललं आणि गप्प झालं. आतून टाळ्या आल्या नाहीत. त्यानं दार उघडलं.

"ये," तो म्हणाला.

आता मी खालून हाक मारत नाही. दोन मजले चढतो, गुडघ्यांना शिव्या देतो, आणि बेल वाजवतो. आमच्या घरात गेल्या महिन्यात काही मोडलेलं नाही, याची बायकोला चुटपुट लागलीय.

पण एक गोष्ट मला आजही झोंबते. मी त्या स्टूलावर उभा राहून जे ऐकलं ते सगळं त्या मास्तरला माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं. माझ्या खुर्चीत बसून, माझा अर्धा कप पीत त्यानं ते ऐकलं होतं. झोंबणारच. मी काही साधुसंत नाही.

आता शनिवारी मरम्मतखाना सुटला की आम्ही तिघं इराणी हॉटेलात जातो. परवा वेटर फडकं खांद्यावर टाकून आला आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "तीन साब? वन बाय थ्री लाता."

"नक्को," मी टेबलावर हात आपटला, मरम्मतखान्यातल्या सगळ्या हातोड्यांना लाजवील असा. "मास्तरकु फुल चाय. मलाई मार के. उस्मानिया बिस्कुट बी. जो माँगे सो दो उनकु." मग मित्राच्या शेजारची माझी खुर्ची ओढून घेतली, पायाखालचा पुठ्ठा नीट केला आणि ठणकावून सांगितलं, "लेकिन वन बाय टू हमारा."

मास्तरनं मान वळवली, डोळे मोठे केले.

"अवुना?"

"अवुनु," मी म्हणालो. तेवढं तेलुगू मलाही येतं.